रोग कोपराला, इस्त्री काठीला

ती पूलची काठी टेबलावर ठेवू नकोस, कापडाला काजळी लागेल. माझ्याकडे दे. आणि तू दिव्याखाली ये, म्हणजे मी काय दाखवतोय ते तुलाही दिसेल.

हा तपकिरी पट्टा कशाचा? मला कळलंय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. इस्त्री. कुठल्या खुणेवर होती? पाहिलं नाहीस. म्हणजे घरात सकाळी सुती कपड्यांसाठी जिथे ठेवली होती तिथेच. त्या खुणेवर इस्त्री २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते. मधे ओला रुमाल होता म्हणतोस. हा बचाव आहे की कबुलीजबाब? कोरडी उष्णता एक वेळ परवडली. ओल्या रुमालावर इस्त्री म्हणजे वाफ, आणि ती वाफ या काठीच्या कुठल्या कुठल्या फटीत शिरली असेल याचा हिशेब आता मी करत बसायचा.

मंगळवारी तुझा फोन आला. ‘सर, स्टिक वाकडी झालीये, पॉटच लागत नाहीयेत.’ मी दोन वाक्यं बोललो. शनिवारी घेऊन ये. तोवर हात लावू नकोस. दोन्ही मराठीत होती आणि दोन्हींत अवघड शब्द एकही नव्हता. तरी तुला शनिवारपर्यंत दम निघाला नाही. कुणीतरी मोबाइलवर इस्त्री फिरवताना दिसला आणि तुझे हात शिवशिवले.

बरं, इस्त्रीवर तरी थांबलास का? नाही. हे टिपेखालचं फेरूल बघ, बोटाने ढकललं की हलतंय. टिप एका कडेने उचललीय. टिपेपासून वीतभर खाली लाकूड खरखरीत लागतंय, तिथे पॉलिशपेपर घासलास. का? चिकट लागत होतं म्हणून. चिकट का लागत होतं? वाफेने वरचं सीलर फुगलं म्हणून. आणि मधोमध ही दाबल्याची खूण, ही दाराच्या फटीतली. दारात अडकवून मागे ओढलीस ना? तरीच लाकूड या एका रेषेत पांढुरकं पडलंय. तिथले तंतू तुटायला लागलेत. उद्या जोरात ब्रेक मारशील तेव्हा ती तिथूनच जाईल, आणि तुझ्या पुढच्या हाताच्या तळव्यात कुसळ ठेवून जाईल.

एका चुकीवर दुसरी चूक चढवून ती झाकायची, हा तुझा जुना नाद. खेळतानाही तेच करतोस. शॉट चुकला की पुढचा दुप्पट जोरात.

आता मला सांग, काठी वाकडी आहे हे तू ठरवलंस कशावरून? लोळवून पाहिली. कुठे? घरच्या फरशीवर. शाब्बास. तुझ्या घरच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, दर दोन फुटांवर सांधा आहे, आणि त्यावर तू मिलिमीटरचा बाक शोधत होतास.

लोळवायची ती इथं, टेबलावर. या कापडाखाली स्लेटचा दगड आहे आणि तो पातळी लावून बसवलेला आहे. आधी काठी पूर्ण जोडून लोळवायची आणि डोळा टिपेवर ठेवायचा. टिप एका पातळीत गेली तर प्रश्नच मिटला. उड्या मारायला लागली तर एवढंच कळलं, की कुठेतरी काहीतरी चुकतंय. कुठे, ते अजून कळलेलं नाही, आणि शहाणा माणूस या जागी थांबतो. मग आटे सोडवून दोन भाग वेगळे करायचे, मागचा जाड बट आणि पुढचा शाफ्ट. बट एकटा लोळवायचा. शाफ्ट एकटा लोळवायचा. शाफ्ट निमुळता असतो, तो सरळ जाणार नाही, वळत जाईल, त्याला घाबरायचं नाही. बघायची ती शाफ्ट आणि कापड यांच्या मधली उजेडाची फट. लोळताना ती फट लहानमोठी होत राहिली तर बाक आहे. फट एकसारखी राहिली तर बाक नाही, ती फक्त शाफ्टची घडण आहे. पूलचे बरेचसे शाफ्ट टिपेपासून फूटभर एकाच जाडीचे ठेवतात आणि मग रुंदावत नेतात, त्यामुळे थोडी फट दिसायचीच.

हे तू केलंस? नाही. कारण हे करायला इस्त्री लागत नाही.

आणि समज, दोन्ही भाग वेगवेगळे नीट लोळले, पण जोडल्यावर टिप उड्या मारायला लागली. मग दोष लाकडात नाही, सांध्यात आहे. या जॉइंटच्या तोंडाचा व्यास २१ मिलिमीटरच्या आसपास. शाफ्टची लांबी २९ इंच. तोंडाच्या एका कडेला साध्या कागदाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर मळ बसला, तर तिकडे टिपेपाशी साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. गणित तुलाही येतं, त्रैराशिक आहे. साडेतीन मिलिमीटर म्हणजे लोळवताना टिप चांगली थयथयाट करताना दिसणार, आणि बघणारा म्हणणार, काठी वाकली.

आता हे जॉइंटचं तोंड बघ. माझ्या नखाने खरवडतो. हे निळं काय निघालं? चॉक. आणि हे पिवळट? मेण. गेल्या महिन्यात शाफ्टला मेण चोळलंस तेव्हा तोंडालाही फासलंस, आणि वर चॉकची पूड बसली. मला विचारशील तर मंगळवारी तुझी काठी याच्यामुळे हलत होती. पण हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही, कारण पुरावा तू भाजून टाकलास. आज शाफ्ट खरोखरच वाकडा आहे. तो तू वाकडा केलायस. सुती फडक्याने तोंड पुसलं असतंस तर कदाचित काम दोन मिनिटांत झालं असतं, आणि आज आपण सेफ्टीचा सराव करत असतो.

जाता जाता एक सांगून ठेवतो, कारण तुझा हात आता कशावरही फिरेल. मामाची ती जुनी स्नूकरची क्यू लोळवून तपासायला जाऊ नकोस. चांगली स्नूकरची क्यू पुष्कळदा हाताने रंधून केलेली असते, लेथवर कातलेली नसते, आणि बटच्या शेवटाला एका बाजूने सपाट तासलेली असते. ती लोळवली की लडखडणारच. ती डोळ्याने बघायची. बट गालाशी धरायचा, टिप उजेडाकडे, आणि हळूहळू फिरवत काठीच्या कडेवरून नजर न्यायची. अॅशच्या लाकडावर बाणाच्या टोकासारख्या रेषा असतात ना, त्या वर ठेवून खेळायची बऱ्याच खेळाडूंना सवय असते, म्हणजे क्यू दर शॉटला त्याच बाजूने हातात येते. त्यात अर्धाएक मिलिमीटर बाक असला तरी तो दर वेळी त्याच दिशेला राहतो आणि हाताला तो ठाऊक होतो. तुझी पूलची काठी तू दर शॉटला बोटांत गरागरा फिरवतोस. स्टाइल म्हणे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पॉट लागत नव्हते. का लागत नव्हते?

त्या आरशासमोर उभा राहा आणि काठीशिवाय हात चालव. चालव, लाजतोस काय? कोपर बघ. मागे नेताना कोपर बाहेर जातंय, पुढे आणताना फासळ्यांकडे येतंय. मूठ अशी आवळतोस की नखं पांढरी होतात, मग मनगट वळतं आणि टिप पांढऱ्या बॉलच्या एका बाजूला जाऊन लागते. हे मी तुला दिवाळीपासून सांगतोय. याचा हिशेब आज मांडून दाखवतो, कारण तू इंजिनिअरिंगला आहेस आणि तिथे तुला निदान एवढं शिकवत असतील. समोरचा बॉल मीटरभर लांब, तुला तो सरळ मारायचाय. पांढरा बॉल एक अंशाने चुकला. एकच. मीटरभरात तो साडेसतरा मिलिमीटर बाजूला जाऊन लागणार. पूलच्या बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. आता दोन बॉलची केंद्रं जोडणारी रेषा काढ आणि कोन मोज. समोरचा बॉल जवळजवळ अठरा अंशांनी भलतीकडे जातो. तुझ्या कोपराने केलेला एक अंश पॉकेटपाशी पोचेपर्यंत अठरा झाला.

आणि शाफ्टचा बाक काय करतो? हात सरळ चालला तर मिलिमीटरभर बाकामुळे टिप पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून थोडी हटून लागते. किंचित साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागते, दिशा जेमतेम हलते. खेळणाऱ्याला ते दोन फ्रेममध्ये जाणवतं आणि तिसऱ्या फ्रेमला तो त्याची सवय करून घेतो. पार्लरमधल्या फुकटच्या काठ्या बघ. एकही धड सरळ नाही, टिपा मश्रूमसारख्या पसरलेल्या, आणि तरी रविवारी तिथला तो कॅशवर बसणारा मुलगा त्यातल्याच एका काठीने तुम्हा सगळ्यांना हरवून, चहाचे पैसेही तुमच्याकडूनच घेतो. ती अंगणाची म्हण मी वापरत नाही, तुझ्या आजीने ती तुला ऐकवली असेलच.

हेन्ड्रीचं नाव तू घेतोस, तुझ्या खोलीत त्याचा फोटो आहे. स्नूकरचा सात वेळा जगज्जेता. त्याने ती विजेतेपदं जिंकली ४० पौंडांना घेतलेल्या क्यूने. ती चोरीला गेली तेव्हा परत आणून देणाऱ्याला त्याने १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. का लावलं? नवी घ्यायला पैसे नव्हते म्हणून? त्या काठीत काय आहे आणि काय नाही, हे त्याच्या हाताला पाठ होतं, म्हणून. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हाही त्याने घरी नेऊन चुलीवर धरली नाही. तुझ्या हाताला तुझी काठी पाठ आहे का? मघाशी विचारलं, टिप किती मिलिमीटरची, तर म्हणालास, ‘नॉर्मल’.

आता लाकडाबद्दल ऐक. हे मी नीट सांगणार आहे, कारण इथे तुझ्या अज्ञानापेक्षा तुझ्या आत्मविश्वासाची मला जास्त भीती वाटते.

हा शाफ्ट हार्ड मेपलचा. उत्तर अमेरिकेतलं झाड. कापून, वाळवून, मुरवून मग लेथवर येतं. चांगला क्यू बनवणारा ते एका दमात कातत नाही. थोडं कातायचं, महिनाभर किंवा जास्त टांगून ठेवायचं, पुन्हा थोडं कातायचं. प्रत्येक वेळी लाकूड जरा हलतं, आतला ताण मोकळा होतो. जे जास्त हलतं ते तो बाजूला काढतो. म्हणजे तुझ्या हातात जो शाफ्ट आला, तो कित्येक महिने ‘हलतोस का, बघू’ म्हणत पारखलेला होता. आणि तू त्याला एका संध्याकाळी उकडलंस.

लाकूड मेलेलं असलं तरी हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर ते आपल्यात सुमारे ६ टक्के पाणी ठेवतं, ८५ टक्के असेल तर १७-१८ टक्के. म्हणजे आपल्या पुण्यात एप्रिलच्या दुपारी एक लाकूड आणि ऑगस्टमध्ये दुसरंच. पाणी घेतलं की फुगतं, सोडलं की आक्रसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. हार्ड मेपल ओलं कापल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने जवळजवळ १० टक्के आक्रसतं, गाभ्याकडून सालीकडे ५ टक्क्यांच्या आत, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. तंतू सरळ टोकापासून टोकापर्यंत गेलेले असले तर हे सगळं खपून जातं, काठी जराशी जाड होते, पुन्हा बारीक होते. पण तंतू तिरके निघाले, किंवा एका बाजूला पाणी जास्त शिरलं, की एक कड लांबते, दुसरी तशीच राहते. मग बाक येतो.

म्हणून शाफ्टवर सीलर असतं. ते हवेतलं पाणी पूर्ण अडवत नाही, पण त्याची ये-जा सावकाश आणि सगळीकडून सारखी ठेवतं. आणि तू पॉलिशपेपरने नेमकं तेच काढलंस. तेही एका बाजूचं. वर ओला रुमाल. याहून मन लावून कुणी शाफ्ट वाकडा करू शकला असता असं मला वाटत नाही.

‘पण सर, वाफेने लाकूड वाकवतात की!’ वाकवतात. खुर्चीची पाठ वाकवतात, होडीची फळी वाकवतात. ते लाकूड ओलसर असतं, २० ते २५ टक्के पाणी असलेलं. ते वाफेच्या पेटीत ठेवतात, इंचभर जाडीला तासभर असा ढोबळ हिशेब. तंतूंना धरून ठेवणारा जो पदार्थ आहे, लिग्निन, तो गरम आणि ओला असला की मऊ पडतो. मग साच्यात आवळतात आणि सुकेपर्यंत, म्हणजे दिवसच्या दिवस, तिथून हलवत नाहीत. तरी साच्यातून काढल्यावर थोडं मागे फिरतंच, ते धरूनच साचा जास्त वाकडा केलेला असतो. तुझा शाफ्ट भट्टीत वाळवलेला, त्यात पाणी त्याच्या निम्म्याहूनही कमी. वाफ तू दिलीस पाच मिनिटं, ती गेली वरच्या कातडीपुरती, आणि साचा म्हणजे तुझा गुडघा. आतलं लाकूड कोरडं आणि ताठ, वरचं ओलं आणि मऊ. त्या रात्री ती सरळ दिसली म्हणतोस. दिसली असेल. सकाळी वरचं पाणी उडालं आणि आतल्या लाकडाने सगळं आपल्या मनासारखं करून घेतलं.

‘आमच्या गावी लाठी विस्तवावर शेकून सरळ करतात.’ हेही मंगळवारीच तुझ्या डोक्यात आलं असणार. ती लाठी बांबूची. बांबूचे तंतू पेरापेरातून उभे सरळ गेलेले, त्याला वाढीची वलयं नाहीत. आणि शेकणारा माणूस हाताने अदमास घेत, तेल लावत, फिरवत बसतो, तो ते लहानपणापासून करतो. शिवाय लाठीला कुठे फेरूल असतं? कुठे टिप असते? लाठीत पितळेचा इन्सर्ट गोंदाने बसवलेला असतो का? या काठीत इथं गोंद, इथं गोंद, आणि जॉइंटच्या कॉलरमध्ये गोंद. यातले बरेच गोंद पाण्याला उकळी येण्याच्या आतच ढिले पडतात. फेरूल हलायचं कारण कळलं?

डंबेल बांधून खिडकीच्या गजाला टांगली होतीस तेही मला कळलंय, तुझ्या बहिणीने सांगितलं. दोरी कुठे बांधलीस? टिपेच्या खाली. म्हणजे सगळं वजन त्या ढिल्या फेरूलवर. मेपलला त्या पाच किलोंनी काय होणार? काही नाही. फेरूलला जे व्हायचं ते झालं.

पावसाला दोष देऊ नकोस. पावसाळा काल सुरू झालेला नाही. स्नूकर हा खेळच आपल्याकडे जन्मला, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. उटीच्या क्लबात त्याचे नियम लावले. तेव्हा कुठे होता एसी? पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. १९६४ मध्ये पुन्हा. मुंबईचे मायकल फरेरा तीनदा झाले. मुंबईच्या दमट हवेत लाकडी काठ्या सांभाळून ही माणसं खेळली. हवा वाईट असते म्हणून काठी वाकत नाही. एका बाजूला एक हवा आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, असं ठेवलं की वाकते.

तू कुठे ठेवली होतीस? खरं सांग. कपाटाच्या मागे, भिंतीला टेकवून. ती भिंत बाहेरची, पावसाची, आतून पोपडे आलेली. जोडलेली काठी तिरकी टेकवून चार महिने. तासभर टेकवली तर काही होत नाही, लोक उगाच घाबरवतात. पण महिनोन्महिने स्वतःच्या वजनाखाली, त्यात लाकूड रोज पाणी घेतंय आणि सोडतंय, अशा वेळी ते हळूहळू त्या आकारात बसतं. भार आणि बदलती ओल, दोन्ही मिळून ते काम करतात. एकटा भार इतकं करत नाही. केस तुला वाढदिवसाला मिळालीय ना? मग तिच्यात काय ठेवतोस? छत्री!

आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून होती, तेही यात धर.

आता पुढे काय करायचं. लक्ष दे, मी दुसऱ्यांदा सांगत नाही.

हा शाफ्ट सरळ होणार नाही. दारात दाबला तिथे तंतू तुटलेत, त्यावर उपाय नाही. लेथवाल्याकडे नेलास तर तो म्हणेल, थोडा कातून बाक काढतो. कधीकधी निघतो, पण कातायला लाकूड शिल्लक असलं तर. तुझा पॉलिशपेपरने आधीच बारीक झालाय. हे कॅलिपर घे, वीतभर खाली मोज. टिपेपेक्षा इथे बारीक. म्हणजे शाफ्टला कंबर आलीय. तो गेला. शोक करत बसू नकोस, तुझी मेहनत त्यात नव्हती.

समज, हा नुसता टेकवून वाकलेला असता, भाजलेला नसता, तर घरी काय करता आलं असतं तेवढं ऐकून ठेव. केसमध्ये नाही, मोकळा, टिप वर करून उभा टांगायचा, भिंतीपासून दूर, जिथे उन्हाची तिरीप आणि पंख्याचा झोत येत नाही. तीन-चार आठवडे. ताजा बाक कधीकधी आपोआप कमी होतो. मग कोरड्या चामड्याने किंवा जाड फडक्याने घासून घासून हाताला ऊब लागेल इतका गरम करायचा, बाकाच्या उलट बाजूला तळव्यावर हलका दाब द्यायचा आणि सोडायचा. गुडघा नाही, दार नाही. बरेचदा काही दिवसांत बाक परत येतो. आला तर तो मान्य करायचा आणि खेळायचं, किंवा शाफ्ट बदलायचा. घरच्या घरी यापलीकडे काही होत नाही, आणि होतं म्हणणाऱ्याने दुसऱ्या आठवड्यातली काठी दाखवावी, मग बोलू.

कार्बन फायबरच्या शाफ्टचं बोलूच नकोस. त्याला हवेचं सोयरसुतक नसतं हे खरं, पण तो तुझ्या वडिलांच्या पैशाने येणार आणि तुझं कोपर त्याच्यामागे तसंच हलणार. मेपलचाच घे, साधा. घेताना दुकानात टेबलावर लोळव, मी सांगितलं तसं, आणि तंतू बघ: टिपेपासून जॉइंटपर्यंत रेषा सरळ जाताहेत की अर्ध्या वाटेत कडेला बाहेर पडताहेत. बाहेर पडत असतील तर आज तो कितीही सरळ दिसू दे, परत ठेव. दुकानदार चिडेल. चिडू दे.

तोवर कपाटातली ती तिसरी काठी घे. तिला बाक आहे, मुद्दाम देतोय. बाकाची बाजू शोध, बटवर तिथे पट्टी चिकटव आणि पट्टी दर शॉटला वर ठेव. बॉल लावायचा नाही. नुसता पांढरा, टेबलाच्या मधल्या रेषेवरून समोरच्या कुशनला आणि परत टिपेवर. परत येताना तो बाजूला सरकला तर आधी कोपराकडे बघायचं, मग मुठीकडे, आणि मगच काठीकडे.

आणि तुझा बट इथं ठेव. नवा शाफ्ट मागवायचा तर पिन कोणती ते आधी ठरवलं पाहिजे: पाच-सोळांश इंची चौदा आट्यांची, अठरा आट्यांची, की तीन-अष्टमांश दहाची. नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नकोस. मी आटे मोजून लिहून देतो. दुकानात ‘बसतंय का बघतो’ म्हणत भलता शाफ्ट पिळू नकोस, पिनचे आटे कापले गेले की बटही हातचा जाईल.